तालुक्यातला पुरावा

खिळेमास्तर उलटं वाचत. सरळ वाचता येत नसे असं नाही, पण उलटं त्यांना जास्त सोपं जाई. शिशाची अक्षरं उलटी असतात, आणि पंचवीस वर्षं ती जुळवण्यात गेलेली. त्यांच्यासमोर बसून तुम्ही कागदावर काही लिहीत असलात, तर पलीकडच्या बाजूनं ते तुमचं वाक्य तुमच्याआधी वाचून टाकत आणि पूर्णविराम पडायच्या आत त्यावरची शंका विचारून मोकळे होत. जळगाव जामोदमधले शहाणे लोक त्यांच्यापुढे बसून काही लिहायला धजत नसत. मी धजलो, कारण मी नुकताच अकोल्याहून बी.ए. होऊन आलो होतो.

छापखाना शेठचा. बाजारपेठेत धान्याच्या दुकानांच्या ओळीत तो होता. पुढे गल्ल्यावर शेठ, आणि मागे खिडकीशी उभे खिळेमास्तर. छपाईच्या अक्षरांना आपल्याकडे खिळे म्हणतात, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकावर असेल. अंगानं सडसडीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डाव्या हाताचा अंगठा शाईनं कायमचा काळा. ऐन तारुण्यात नागपूरला जाऊन ते हे काम शिकून आले होते. त्यांचं घर ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत होतं. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी त्यांनी धर्म बदलला होता, पण गावानं मात्र त्यांच्याशी वागण्याची आपली जुनीच रीत चालू ठेवली होती. पाण्याचा तांब्या ते घरून आणत. तो का आणतात, हे मला कितीतरी दिवस विचारावंसं वाटलं नव्हतं. माणसाला आपल्या घरचं पाणी गोड लागतं, असा माझा समज होता.

मजकूर हातात आला की तो सरळ जुळवायला घ्यायचा, ही इतर छापखान्यांची पद्धत. मास्तर आधी गिऱ्हाइकाला पुरावा मागत, आणि पुरावा तालुक्यातलाच लागे. एकदा एका वैद्यानं जाहिरात आणली, 'सर्व रोगांवर हमखास गुण'. मास्तर म्हणाले, "सर्व म्हंजे कोनते? बरा झालेला एक मानूस दाखवा. तालुक्यातला पाहिजे. काशीचा नको." वैद्यबुवा दुसऱ्या दिवशी आपल्या मेव्हण्याला घेऊन आले. मेव्हणा जन्मात कधी आजारी पडलेला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक. शेवटी जाहिरातीत 'काही रोगांवर पुष्कळदा गुण' असं छापून निघालं. आश्चर्य म्हणजे वैद्यबुवांकडे गर्दी वाढली. इतकं नेमस्त बोलणारा वैद्य लोकांनी याआधी पाहिला नव्हता.

निवडणुकीत एका उमेदवारानं 'गोरगरिबांसाठी रक्त सांडू' असं लिहून आणलं, तेव्हा मास्तरांनी शांतपणे विचारलं, "याच्याआधी कुठं सांडलं असंन तं जागा सांगा, म्हंजे तेही टाकतो." उमेदवार पत्रक घेऊन तडक खामगावला गेला. शेठ डोक्याला हात लावून बसले. "मास्तर, अशानं गिऱ्हाईक पयून जाईन." मास्तर म्हणाले, "जाईन, पन वापस येईन. खामगावले नुसतं छापून देतात, दुरुस्ती करून देत नाहीत." आणि खरंच तो उमेदवार पडल्यावर आभाराचं पत्रक छापायला इथंच आला. त्यात दुरुस्ती लागली नाही.

अशा माणसाकडे मी आमच्या मंडळाचा जाहीरनामा घेऊन गेलो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती आणि आमच्यासारख्या पदवीधरांना जग सुधारायची फार घाई होती. आम्ही पाच मित्रांनी 'विश्वसमता मंडळ' काढलं होतं. मी अध्यक्ष. कापडवाल्यांचा विनायक खजिनदार. खजिना नव्हता, पण खजिनदार होता. अमेरिकेत काळ्या लोकांची चळवळ जोरात होती. रेडिओवर दोन ओळी यायच्या, वर्तमानपत्रात कधी फोटो यायचा, आणि आम्ही त्यावर तीन-तीन तास बोलायचो. मुंबईला नोकरी करणाऱ्या एका मित्रानं अमेरिकेतल्या कुठल्याशा संघटनेचं इंग्रजी पत्रक मला पाठवलं. त्यात त्यांच्या अकरा श्रद्धा होत्या, प्रत्येकीची सुरुवात 'आम्ही मानतो की' अशी. मी त्यांचं मराठी केलं, जमेल तिथं भारदस्त केलं, आणि खाली आम्हा पाचजणांची नावं टाकली. हे सगळं आम्हीही मानतो, असा त्याचा अर्थ.

मास्तरांनी कागद खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "हे आत्ता नाही होत."

"का?"

"लग्नसराई हाये ना भाऊ. 'आमचे येथे श्रीकृपेकरून', 'आमचे येथे श्रीकृपेकरून'... सगळे 'आ' पत्रिकांत अडकून हायेत. तुमाले अकरा 'आम्ही' पाहिजेत. कुठून आनू? असं करा, 'आम्ही मानतो' वर एकदाच लिहा. खाली नुसतं काय काय मानता ते येऊ द्या."

मला ते पटलं नाही. प्रत्येक कलमाआधी 'आम्ही मानतो' आलं की कसं घणाघाती वाटतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग थांबा लग्नं होईस्तोवर. तवर पाहू, काय काय मानता ते."

अशी आमची तपासणी सुरू झाली. चार वाजता काम सैल झालं की मी जायचो. शेठनं दिलेल्या स्टुलावर मी, आणि मास्तर उभे. एका दिवसाला एक कलम.

पहिलं कलम होतं, जगातील सर्व मानव परस्परांचे भाऊ आहेत. "भाऊ नका म्हनू," मास्तर म्हणाले. "तालुक्यात पाहा. भावाभावांत बांधावरून कुऱ्हाडी निघून राह्यल्या. कोर्टात सगळ्या तारखा भावांच्याच हायेत. शेजारी म्हना. शेजाऱ्याले मानूस थोडा तरी भेते." मी 'बंधुभाव' या कल्पनेवर चांगलं पंधरा मिनिटं बोललो. त्यांनी सगळं ऐकून पेन्सिलीनं 'शेजारी' केलं.

दुसऱ्या कलमात मी 'कृष्णवर्णीय बांधव' असं लिहिलं होतं. मास्तरांनी विचारलं, "ते सोताले काय म्हनतात? या इंग्रजी कागदावर काय हाये?"

"ब्लॅक. म्हणजे काळे."

"मंग तुमी काऊन कृष्णवर्णीय करून राह्यले? त्यायले लाज नाही, तुमाले काऊन येऊन राह्यली?"

मी पेन्सिल मागून घेतली आणि शब्द खोडला. 'काळे' झालं.

तिसऱ्या कलमावर मात्र ते माझ्याशी नव्हे, थेट अमेरिकेशी भांडले. मूळ पत्रकात असं होतं की गोऱ्या माणसात न्यायबुद्धी असूच शकत नाही. मास्तरांनी माझ्या मराठीत ते वाचलं. मग म्हणाले, "हे रागात लिहिलं त्यायनं. राग खरा हाये, मले समजते. पन कलम खोटं हाये. सगळे म्हटलं का मंग कोनालेच धरता येत नाही. ज्यानं मारलं त्याचं नाव लिहा, गाव लिहा." नागपूरला त्यांना खिळे जुळवायला शिकवणारा माणूस वरच्या जातीचा होता, आणि त्यानं हाताला धरून शिकवलं होतं, एवढं त्यांनी सांगितलं. लगेच पुढे हेही सांगितलं की तोच माणूस जेवायच्या सुट्टीत तोंड फिरवून बसे. "आता याले कोन्त्या कलमात टाकता?"

सहाव्या कलमात होतं की दडपलेल्या पुरुषांनी आपलं पौरुष परत मिळवावं. मास्तरांनी विचारलं, "आन बाया?" मी पत्रक पुन्हा वाचलं. अकरा कलमांत बाईचा उल्लेख नव्हता. "तिकडंही तसंच हाये म्हना," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा म्हणाले, "घरवालीले सांगतलं मी. ते म्हने, अमेरिकेतल्या बायायले विचारा, पौरुष गेलं तवा घरात काय काय फुटलं होतं."

हे ऐकून कोणाला वाटेल की मास्तर नुसती टवाळी करत होते. तसं नव्हतं. पाचवं कलम होतं, 'हळूहळू होईल, वाट पाहा, असे आम्हांस पुन्हा कोणी सांगू नये.' ते वाचून त्यांनी काही विचारलं नाही, पुरावाही मागितला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे ज्यानं लिहिलं तो मले माहीत हाये," ते म्हणाले. "म्हंजे नाव नाही माहीत. पन माहीत हाये." एवढं एक कलम त्यांनी त्याच दिवशी जुळवलं, ठळक टाइपात, कोणत्या तरी पत्रिकेतला 'आ' काढून घेऊन.

गाडी अडली ती सातव्या कलमापाशी. तिकडे ते हॉटेलात एका टेबलावर बसून जेवण्याच्या हक्काबद्दल होतं. मी त्याचं मराठी केलं होतं, 'सर्व माणसांनी भेदाभेद न करता एका पंगतीत जेवावे.' मास्तर म्हणाले, "पुरावा?"

"अमेरिकेत..."

"तालुक्यातला."

मग माझी नजर मागच्या दोरीवर वाळत असलेल्या पत्रिकांवर गेली. त्या माझ्याच बहिणीच्या, सुमीच्या लग्नाच्या होत्या. मास्तरांनीच जुळवलेल्या. मला एकदम स्फुरण चढलं. म्हटलं, "मास्तर, पुढच्या महिन्यात आमच्या घरी लग्न आहे. तुम्ही या. सहकुटुंब या. पहिल्या पंगतीला माझ्याशेजारी बसा. हा घ्या पुरावा."

मास्तर खिळ्यांकडे बघत म्हणाले, "मी एवढ्या लग्नाच्या पत्रिका जुळवल्या, भाऊ. ओढ्यापलीकडल्या सोडल्या, तं एकही माह्या घरी आली नाही. बोलावनं आलं तं येईन."

आता आमच्याकडे बोलावणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. नुसती छापील पत्रिका म्हणजे बोलावणं नव्हे. पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना कुंकवाचं बोट लावायचं, ती ज्याच्या त्याच्या घरी जाऊन द्यायची, आणि घरातल्या बाईला आपल्या घरातल्या बाईनं 'या' म्हणायचं. यातलं काही राहिलं तर लोक लग्नाला येत नाहीत, आणि वर वर्षभर ऐकवतात. मला हे सगळं माहीत होतं. तरीही मी घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा असं सांगितलं, की जणू एक पाहुणा वाढला आहे एवढंच.

बाबा शेतीवाडीवाले, गावात मान असलेले. ते ओरडले नाहीत. त्यांनी सुपारी कातरत विचार केला आणि म्हणाले, "बोलाव ना. मी कुठं नाही म्हनतो? पन पत्रिका छापखान्यातच देऊन ये. घरी जायाचं म्हंजे मंग सगळं रीतीनं आलं." मी ते ऐकलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला वाटलं की बाबांनी मोठी सवलत दिली. मी एक पत्रिका तशीच खिशात घातली आणि छापखान्यात गेलो.

तिथं नेमके विनायकचे काका बसलेले. कापडाच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी आले होते. त्यांच्यासमोर 'मास्तर, लग्नाला या' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी पत्रिका मास्तरांच्या हातात दिली आणि म्हटलं, "मास्तर, ही पत्रिका."

त्यांनी ती उलटसुलट केली. "काय झालं? चुकलं काय कुठं?"

"नाही... म्हणजे, बघा तुम्ही."

मास्तरांनी चष्मा लावला. तारेला टोचलेल्या कागदांतून आमचा हस्तलिखित मजकूर शोधून काढला, शेजारी ठेवला, पट्टी घेतली, आणि पहिल्या ओळीखाली धरली. "आमचे येथे. बरोबर. श्रीकृपेकरून. बरोबर." अक्षर न् अक्षर ते तपासू लागले. मी घाम पुसत उभा. काका तंबाखू मळत बघताहेत. वराचं नाव, वराच्या वडिलांचं नाव, मुहूर्त, स्थळ. पट्टी खाली खाली सरकत होती. 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे' या ओळीवर ती थांबली. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"इथं काई म्हननं हाये तुमचं?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि आमच्या सगळ्या काका-मामांची नावं त्यांनी एकेक करून तपासली. मग पत्रिकेच्या मागे पेन्सिलीनं 'तपासले, बरोबर' असं लिहून त्यांनी ती मला परत दिली. मी ती घेतली आणि घरी आलो. माणसाला लग्नाचं बोलावणं करायला जाऊन, त्याच्याकडून ते तपासून परत आणणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

सुमीला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून जमिनीवर बसली. हसणं संपल्यावर तिनं पत्रिका हातात घेऊन पाहिली. "भाऊ, याले कुंकू कुठं हाये?" मग ती उठली. सुमी शिकली सातवीपर्यंत, पण बाबांना ओळखायची एम.ए. इतकं. ती बाबांपुढे गेली आणि पडलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, माह्या लग्नाची पत्रिका वापस आली घरात. बिनकुंकवाची. हे चांगलं नसते म्हनतात."

असं कोणीही म्हणत नाही. त्याआधी कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. पण बाबा मांजर आडवं गेलं तर बैलगाडी परत फिरवणारे. त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. "कोन म्हने?" त्यांनी विचारलं. "बाया म्हनतात," सुमी म्हणाली. पाच मिनिटांत बाबांनी आईला हाक मारली, आणि माझ्या अकरा कलमांना जे जमलं नव्हतं ते एका खोट्या अपशकुनानं जमवलं.

आई आणि मी ओढा ओलांडून गेलो. आई त्या बाजूला कधी गेली नव्हती. पदर सावरत, खाली बघत चालली होती. मास्तर घरी वेगळेच दिसले, बिनचष्म्याचे आणि जरा बुटके. मास्तरीणबाई पुढे आल्या. आईनं कुंकवाचा करंडा काढला तशा त्या म्हणाल्या, "बाई, आमी आता कुंकवाचं मानत नाही. पन बोलावनं मानतो. बसा." आई गोंधळली, मग करंडा झाकून नुसतं "या बरं का लग्नाले, जेवाले" म्हणाली. बाईंनी पाणी आणलं. मी मुद्दामच आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला अवघडल्यासारखं झालं असतं. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा तो रिकामा होता. मी माझ्या आईला त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला, आणि तो इथं पहिल्यांदाच सांगतो आहे.

लग्नाच्या दिवशी मास्तर आले. कडक इस्त्रीचा सदरा, अंगठा तेवढा काळा. बाईंनी निळं लुगडं नेसलं होतं. त्या आईबरोबर आत गेल्या, आणि मास्तर पहिल्या पंगतीला माझ्याशेजारी बसले. पत्रावळी मांडल्या, वरण-भात वाढला, वांग्याची भाजी आली. बुंदीची बादली निघाली तेवढ्यात समोरच्या ओळीत चुळबूळ झाली. विनायकचे काका उठले. त्यांच्याबरोबर दोघे उठले. आणि चौथा विनायक. आमचा खजिनदार. काकांनी त्याच्या दंडाला धरलं होतं आणि तो माझ्याकडे न बघता उठला.

माझा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता मास्तर उठतील, आणि उठले तर मी काय करू. मास्तरांनी भातात वरण कालवलं आणि सावकाश पहिला घास घेतला. मग बाबा आले. चार भरलेल्या पत्रावळी तशाच पडलेल्या पाहून त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वाढप्याच्या हातातली बादली ओढून घेतली, मास्तरांपासून सुरुवात केली आणि भरभरून बुंदी वाढत म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नात भरलं पान टाकून उठले. घ्या मास्तर, पोटभर घ्या." पुढची तीन वर्षं बाबा त्या काकांशी बोलले नाहीत. समतेसाठी नव्हे, बुंदीसाठी. पण बोलले नाहीत, हे खरं.

लग्नसराई संपली, 'आ' मोकळे झाले. मी छापखान्यात गेलो तेव्हा मास्तर म्हणाले, "सात नंबर आता जुळवता येते. पुरावा हाये. पन पुराव्यासंगट लिहा लागन." आणि त्यांनी मी बघत असतानाच खिळे उचलायला सुरुवात केली. उलटं वाचायला मला वेळ लागला. कलम असं होतं: 'माणसांनी एका पंगतीत जेवावे. आमच्या घरच्या लग्नात आम्ही तसे जेवलो. चार जण उठून गेले. त्यांत आमच्या मंडळाचे खजिनदार होते.'

"मास्तर, हे छापलं तर मंडळ मोडेल."

"मोडू शकते."

"विनायक माझा मित्र आहे."

"नाव कुठं टाकलं मी? पद टाकलं." त्यांनी हात थांबवला. "भाऊ, तुमी मागं जसं लिहिलं होतं तसंही जुळवून देतो. अध्यक्ष तुमीच. पन मंग मी तिथं जेवलो, ते कुठं गेलं?"

मी घरी गेलो नाही. बाजारातून दोन चकरा मारल्या, परत आलो आणि म्हटलं, "छापा."

शाळेच्या व्हरांड्यात दुपारी सभा झाली. पन्नासेक माणसं असतील. वर एकदाच 'आम्ही मानतो', खाली अकरा कलमं. मी एकेक वाचत गेलो. सातवंही वाचलं. विनायक पहिल्या ओळीत होता. तो उठला. मला वाटलं, चालला. तो तिथंच उभा राहून म्हणाला, "उठलो मी. काकानं हात धरला म्हून उठलो. पन पाय तं माहेच होते." एवढं बोलून तो खाली बसला. नंतर चहाच्या वेळी तो मास्तरांजवळ गेला आणि दोघं काहीतरी बोलले. काय, ते दोघांनीही मला सांगितलं नाही. मंडळ मोडलं नाही. पुढे दोन वर्षं चाललं आणि मग अशी मंडळं जशी थांबतात तसं थांबलं.

त्यानंतर काही वर्षांनी शेठनं यंत्र विकून टाकलं आणि मास्तर नागपूरला एका मोठ्या छापखान्यात जायला निघाले. मी बस स्टँडवर पोचवायला गेलो. ट्रंक टपावर चढली, बाई आत जाऊन बसल्या. मी तोपर्यंत शाळेत मास्तर झालो होतो आणि आता तोंडावर विचारायची हिंमत आली होती. म्हटलं, "मास्तर, एक विचारू? त्या दिवशी मी पत्रिका आणली, तेव्हा तुम्हाला खरंच वाटलं, की ती दुरुस्तीला आणली आहे?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "कुंकू नव्हतं. मी मानत नाही कुंकू, पन तुमी मानता ना. समजलं मले."

"मग तपासत काय बसलात?"

"तुमाले बोलाले टाइम देऊन राह्यलो होतो," ते म्हणाले. "अर्धा घंटा देला."

कंडक्टरनं घंटी मारली. मास्तर गाडीत चढले आणि बाईंशेजारी जाऊन बसले. मी हात वर केला, पण काय बोलावं ते त्याही वेळी मला सुचलं नाही.